लॅपटॉप निकालात काढायचा, हे ठरवायचे कोणी?

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला सुरक्षा-सुधारणा पुरवण्याचे नियमित काम मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्या दिवशी कोणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखाच सुरू झाला, ईमेल आले, बँकेचे पान उघडले, मुलांचा गृहपाठ छापून झाला. या घटनेचे गांभीर्य अनेक घरांना जाणवलेच नाही, ते यामुळेच. फरक पडला तो डोळ्यांना न दिसणारा होता. त्या तारखेनंतर या प्रणालीत जी नवी भगदाडे सापडतील, ती मुदतवाढ न घेतलेल्या लॅपटॉपवर उघडीच राहणार होती.

ब्रिटनपुरते बोलायचे तर हा प्रश्न मूठभरांचा नाही. ‘विच?’ या ग्राहक संघटनेने सप्टेंबर २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार या देशात सुमारे २ कोटी १० लाख लोक विंडोज १० असलेला संगणक वापरत होते आणि त्यांपैकी जवळपास एकचतुर्थांश लोकांचा विचार आधार संपल्यावरही तोच वापरत राहण्याचा होता. घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने एका वर्षाची मुदतवाढ देऊ केली आहे. ती १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपते. ही मुदतवाढ मिळवण्याचे मार्ग तीन आहेत. ३० डॉलर किंवा स्थानिक चलनातील तेवढीच रक्कम भरायची, कंपनीच्या बक्षीस योजनेतील १,००० गुण खर्ची घालायचे, किंवा कंपनीचे खाते उघडून आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या मेघसाठ्याशी जोडून द्यायची.

युरोपीय आर्थिक क्षेत्रातील देशांत मात्र ग्राहक संघटनांच्या दबावानंतर ही अट सैल झाली. तेथे मेघसाठ्याची सक्ती न करता, केवळ खात्यातून ठरावीक काळाने प्रवेश करण्याच्या अटीवर, मुदतवाढ विनामूल्य मिळते. ब्रिटन त्या क्षेत्राबाहेर आहे. परिणामी आयर्लंडच्या एकाच बेटावर डब्लिनमधील लॅपटॉपला एक नियम आणि बेलफास्टमधील त्याच बनावटीच्या लॅपटॉपला दुसरा, अशी स्थिती आहे. दोन्ही यंत्रांत तसूभरही फरक नाही. फरक आहे तो त्यांच्या मालकांच्या पाठीशी असलेल्या कायद्याच्या आणि संघटनांच्या बळात. विकत घेतलेली वस्तू कधी कालबाह्य झाली हे ठरवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळण्याची चर्चा याच प्रश्नाच्या संदर्भात तपासून पाहायला हवी.

चालते यंत्र, नाकारलेले यंत्र

ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या विंडोज ११ने यंत्राविषयी काही कठोर अटी घातल्या. सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी ‘टीपीएम २.०’ ही चिप हवी आणि प्रोसेसर कंपनीने मान्य केलेल्या यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१७ सालच्या आरंभी चांगली किंमत मोजून घेतलेला, आजही धडधाकट असलेला लॅपटॉप या दारातून आत जाऊ शकत नाही. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३च्या अखेरीस मांडलेल्या अंदाजानुसार, या बदलामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक टाकाऊ ठरू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्के कचऱ्याचेच रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. ही भर त्या ढिगाऱ्यात पडणार आहे.

कंपनीची बाजू मात्र अगदीच पोकळ नाही. यंत्रातच सुरक्षेची सोय असेल तर काही प्रकारचे हल्ले अवघड होतात, हे खरे आहे. त्याचप्रमाणे सुरक्षा-सुधारणा न मिळणारा संगणक इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे आहे, हेही तितकेच खरे. ब्रिटनला हा धडा मे २०१७मध्ये मिळाला. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रणालीने इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या २३६पैकी किमान ८० ट्रस्टचे कामकाज विस्कळीत केले. सुमारे १९ हजार भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज नंतर मांडला गेला. यातील बोधप्रद बाब अशी, की ते भगदाड बुजवणारी सुधारणा दोन महिने आधीच उपलब्ध झाली होती. ती अनेक संगणकांवर बसवलीच गेली नव्हती. उपलब्ध सुधारणा न बसवल्याने एवढा अनर्थ झाला, तर ज्या प्रणालीला सुधारणा मिळतच नाहीत तिच्या भरवशावर बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नाही.

म्हणून ‘चालतोय तोवर चालू द्या’ हा पर्याय बाद ठरतो. उरतात तीन. मुदतवाढ घेऊन निर्णय एक वर्ष पुढे ढकलणे, नवा लॅपटॉप घेणे, किंवा आहे त्याच यंत्रावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवणे. यातील दुसरा पर्याय २०२५च्या अखेरीपासून अधिक महाग होत चालला आहे, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी मेमरी चिपांची मागणी वाढवली आणि त्यांचे भाव चढले. तिसऱ्या पर्यायाकडे अनेकांचे लक्ष गेले ते अशा वेळी. डब्लिनहून निघणाऱ्या ‘झोरिन ओएस’ या लिनक्स-आधारित प्रणालीने आपली अठरावी आवृत्ती मुद्दाम १४ ऑक्टोबर २०२५ याच दिवशी प्रसिद्ध केली. महिन्याभरात ती दहा लाख वेळा उतरवून घेतली गेली आणि त्यातील तीनचतुर्थांशांहून अधिक मागणी विंडोज वापरणाऱ्या संगणकांवरून आली, असे तिचे निर्माते सांगतात.

फुकट नव्हे, मुक्त

मुक्तस्रोत प्रणालीचे पहिले आकर्षण तिची शून्य किंमत हे असते. पण तिच्या स्वरूपाचा तो सर्वांत महत्त्वाचा भाग नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली तेव्हा त्यांचा आग्रह स्वातंत्र्याचा होता. संगणकावर चालणारी आज्ञावली वापरणाऱ्याला तपासता यावी, बदलता यावी आणि इतरांना देता यावी, हे त्यामागचे सूत्र. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला. आज जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे ‘आपल्याला ते जमणार नाही’ असे म्हणणारा बहुतेक प्रत्येक जण खिशात किंवा घरातल्या एखाद्या यंत्रात लिनक्स बाळगूनच तसे म्हणत असतो.

घरगुती संगणकावर मात्र लिनक्स दीर्घकाळ उपराच राहिला. जून २०२५मध्ये अमेरिकेतील डेस्कटॉप संगणकांत त्याचा वाटा पहिल्यांदाच पाच टक्क्यांवर गेल्याची नोंद स्टेटकाउंटर या संस्थेने केली. इतक्या वर्षांनंतर पाच टक्के, ही बाब उत्साहाला आवर घालणारी आहे. लिनक्स एकसंध वस्तू नाही, हे त्याचे एक कारण. त्याच गाभ्याभोवती निरनिराळे गट निरनिराळ्या प्रणाली बांधतात. डेबियन, फेडोरा, लंडनस्थित कॅनॉनिकल कंपनीची उबुंटू, उबुंटूच्या पायावर उभी असलेली लिनक्स मिंट अशी ही मोठी बिरादरी आहे. नवख्याला यातील निवडच गोंधळात टाकते. विंडोजची सवय असलेल्या माणसासाठी लिनक्स मिंटची शिफारस वारंवार होते ती तिची मांडणी ओळखीची वाटते म्हणून. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ, घड्याळाशेजारी वाय-फाय. तिच्या बाविसाव्या मालिकेला २०२९पर्यंत सुधारणा मिळणार आहेत आणि ४ जीबी मेमरीच्या यंत्रावर ती वापरता येते. जुन्या लॅपटॉपला आणखी तीन-चार वर्षांचे सुरक्षित आयुष्य मिळण्याची ही शक्यता आहे, आणि ती कोणाच्या परवानगीवर अवलंबून नाही.

सरकारांनी घेतलेला धडा

व्यक्तीने आपला एक लॅपटॉप बदलणे आणि सरकारने हजारो संगणक बदलणे यांत प्रमाणाचा मोठा फरक आहे. तरीही युरोपातील सरकारांचे अनुभव घरगुती वापरकर्त्याला बरेच काही शिकवतात.

जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३मध्ये लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला. दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक बदलले गेले आणि हा प्रयोग जगभर आदर्श म्हणून दाखवला जाऊ लागला. नोव्हेंबर २०१७मध्ये त्याच महापालिकेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. त्यामागे राजकारण होते, तंत्रव्यवस्थेची विस्कळीत रचना होती आणि बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण करताना येणाऱ्या अडचणींबद्दल कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही होत्या.

फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने वेगळा क्रम धरला. त्यांनी २००५मध्ये फक्त कार्यालयीन कामाचा संच बदलून ओपनऑफिस आणले. पाठोपाठ ब्राउझर आणि ईमेलची साधने बदलली. कर्मचारी या साधनांना सरावल्यावर, २००८पासून, ऑपरेटिंग सिस्टीम बदलायला घेतली. आज त्या दलाचे एक लाखाच्या आसपास संगणक उबुंटूच्या स्वतःच्या आवृत्तीवर चालतात. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४मध्ये ३० हजार सरकारी संगणकांसाठी असाच निर्णय घेतला. तेथेही आधी लिब्रेऑफिस आले, ऑक्टोबर २०२५पर्यंत ४० हजारांहून अधिक ईमेल-खात्यांचे स्थलांतर झाले, आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा टप्पा त्यानंतरचा ठेवण्यात आला.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. माणसाला बांधून ठेवते ती ऑपरेटिंग सिस्टीम नव्हे. त्याची कागदपत्रे ज्या स्वरूपात साठवली आहेत ते स्वरूप आणि बोटांना लागलेली सवय यांची पकड अधिक घट्ट असते. ती आधी सैल केली तर ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे हा शेवटचा आणि तुलनेने सोपा टप्पा उरतो. ब्रिटिश सरकारनेही हे ओळखले होते. देवाणघेवाणीच्या सरकारी दस्तऐवजांसाठी ‘ओडीएफ’ हे खुले स्वरूप प्रमाण म्हणून स्वीकारण्याचा निर्णय लंडनमध्ये जुलै २०१४मध्येच झाला.

अवलंबित्वाचा दुसरा चेहरा भारताने गेल्या वर्षी पाहिला. रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीची ४९ टक्के भागीदारी असलेल्या, मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने जुलै २०२५मध्ये निर्बंध घातले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टच्या सेवा थांबल्याने कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे ईमेल व्यवहार अडले. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि सेवा लवकरच पूर्ववत झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. भारतात, भारतीय कायद्याप्रमाणे, पैसे मोजून घेतलेली सेवा दुसऱ्या खंडातील निर्णयामुळे थांबू शकते, एवढे मात्र त्यातून दिसले. येथे एक सावधगिरीचा मुद्दाही आहे. नायराच्या कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स असते तरी ईमेल थांबलेच असते, कारण ते दूरच्या सर्व्हरवर होते. लॅपटॉप मुक्त केला म्हणजे सगळे मुक्त झाले, हा भ्रम ठेवता येत नाही.

मराठीने भोगलेली टाळेबंदी

स्वरूपाच्या बंधनाची ही गोष्ट मराठी लिहिणाऱ्यांना नवी वाटू नये. संगणकावरील मराठीचा आरंभीचा काळ खासगी संकेतांच्या फॉन्टांचा होता. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपि, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, शिवाजी, किरण अशा फॉन्टांनी मराठी मुद्रणाचे मोठे काम केले, हे निर्विवाद आहे. पण प्रत्येकाचा संकेत निराळा. एका फॉन्टात टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन खच दिसे. परदेशी आलेल्या अनेक कुटुंबांकडे, मंडळांच्या दप्तरांत आणि जुन्या स्मरणिकांच्या सीडींवर असा मजकूर आजही पडून आहे. तो नष्ट झालेला नाही, मात्र योग्य फॉन्ट किंवा परिवर्तकाशिवाय वाचताही येत नाही.

यातून सुटका झाली ती युनिकोड या खुल्या, सामाईक संकेतामुळे. देवनागरीचा समावेश असलेली युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, म्हणजे लिनक्सच्याच जन्मवर्षातली. युनिकोड रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. पण आज मराठी मजकूर फोनवर लिहून संगणकावर वाचता येतो, शोधता येतो, पुण्याहून मँचेस्टरला पाठवता येतो, तो संकेत कोणाच्या मालकीचा नाही म्हणूनच. मुक्तस्रोताचे महत्त्व मराठी समाजाला अमूर्त तत्त्व म्हणून पटवून देण्याची गरज नाही. त्याचा अभाव काय असतो, हे या समाजाने अनुभवले आहे.

लिनक्सवरील मराठीची स्थितीही त्यामुळे समाधानकारक आहे. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी दीर्घकाळ सांभाळलेले लोहित फॉन्ट, मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेने खुला केलेला मुक्त, गुगलचा नोटो हे सारे तेथे विनामूल्य वापरता येतात. इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही प्रकारचे कळफलक मिळतात. रोमन कळांवरून ‘namaskar’च्या धर्तीवर टंकून देवनागरी उमटवण्याची सोयही बसवता येते. एक खोच लक्षात ठेवावी लागते. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाऐवजी हिंदी वळणाने दिसतात. मजकुराची भाषा मराठी अशी निश्चित केल्यास किंवा फॉन्ट बदलल्यास बहुधा हा दोष जातो. जुन्या फॉन्टांतील मजकूर असेल तर मात्र विंडोज काढून टाकण्यापूर्वीच तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे इष्ट. नंतर त्यासाठी पुन्हा दुसऱ्याचा संगणक शोधत फिरण्याची वेळ येते.

कोठे अडते

मुक्तस्रोताचे समर्थक अडचणींविषयी कमी बोलतात आणि त्यामुळे नवख्याचा विश्वास पहिल्याच आठवड्यात उडतो. म्हणून त्या स्पष्ट मांडलेल्या बऱ्या.

ॲडोबी फोटोशॉप, ऑटोकॅड, मायक्रोसॉफ्ट ऑफिसची संगणकावर बसवायची आवृत्ती आणि भारतातील व्यापाऱ्यांच्या हाताशी असलेली टॅली यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्या निघत नाहीत. पर्यायी आज्ञावली आहेत. पण ज्याचे पोट या विशिष्ट साधनांवर चालते त्याने प्रणाली बदलण्याच्या फंदात पडू नये, किंवा त्या कामासाठी वेगळे यंत्र ठेवावे. लिब्रेऑफिस साधी पत्रे, हिशेब, सादरीकरणे उत्तम हाताळते. गुंतागुंतीची मांडणी आणि मॅक्रो असलेल्या एक्सेल फायलींत मात्र गडबड होऊ शकते.

भारताशी व्यवहार असलेल्यांना आणखी एक अडचण संभवते. प्राप्तिकर विभागाचे संकेतस्थळ ब्राउझरमधून चालते आणि बहुतेक व्यक्तींना विवरणपत्र तेथेच भरता येते. पण संगणकावर उतरवून घेऊन वापरायची विभागाची साधने आणि डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनची सोबतची आज्ञावली प्रामुख्याने विंडोज गृहीत धरून केलेली असते. कंपनीचे संचालकपद किंवा सनदी लेखापालाचे काम असलेल्याने हे आधी तपासावे. संगणक-खेळांच्या बाबतीत स्टीम डेकसारख्या लिनक्सवर चालणाऱ्या उपकरणामुळे मोठी प्रगती झाली असली, तरी व्हॅलोरंट, फोर्टनाइट यांसारखे फसवणूक-रोधक यंत्रणा असलेले काही लोकप्रिय खेळ लिनक्सवर चालत नाहीत. घरात किशोरवयीन मुले असतील तर हा मुद्दा बाकी सर्व मुद्द्यांहून जड ठरण्याचा संभव आहे. शिवाय बोटाचा ठसा ओळखणारी खिडकी, काही वाय-फाय चिपा, काही प्रिंटर यांची साथ यंत्रागणिक बदलते.

याउलट ज्यांचे जवळजवळ सारे काम ब्राउझरमधून होते, म्हणजे ईमेल, बँक, ब्रिटिश सरकारची कर किंवा वाहन परवान्याची पाने, वर्तमानपत्रे, व्हिडिओ कॉल, त्यांच्यासाठी बदल अनपेक्षितपणे किरकोळ असतो. त्यांचा खरा कार्यमंच ब्राउझर हाच असतो आणि तो दोन्हीकडे सारखाच दिसतो.

आधी कागदपत्रे, शेवटी प्रणाली

जाँदार्मरीचा क्रम घरात आणायचा झाला तर तो असा होईल. सर्वप्रथम छायाचित्रे, कागदपत्रे, पासवर्ड यांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यायची आणि ती उघडते याची दुसऱ्या यंत्रावर खात्री करायची. त्यानंतर आहे त्या विंडोजवरच फायरफॉक्स, थंडरबर्ड, लिब्रेऑफिस बसवून महिनाभर त्यांवरच काम करायचे. तीनही विंडोजवर विनामूल्य चालतात. या महिन्यात जे अडते ते पुढेही अडणार आहे. जे अडत नाही त्याची चिंता मिटली.

मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहायचे. लॅपटॉपच्या डिस्कला हात न लावता संपूर्ण प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवता येते, ही या जगातील सर्वांत उपयुक्त सोय. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा, प्रिंटर, मराठी कळफलक चालतो का, हे तासाभरात कळते. पसंत पडले नाही तर यंत्र बंद करून पेन ड्राइव्ह काढायचा. विंडोज जसेच्या तसे असते. पसंत पडले तरच डिस्कवर बसवायचे. त्यापूर्वी बिटलॉकर या कूटबद्धतेची पुनर्प्राप्ती-किल्ली लिहून ठेवावी लागते. अनेक लॅपटॉपवर ही कूटबद्धता मालकाच्या नकळत सुरू झालेली असते आणि ती किल्ली नसेल तर डिस्कवरील जुन्या मजकुराला कायमचे मुकावे लागते. जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवण्याचा माफक खर्च वेगात मोठा फरक पाडतो.

देखभाल कोण करणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. मालकी हाती आली की देखभालही पदरात येते. काही बिघडले तर दाद मागायला एक कंपनी, एक दूरध्वनी क्रमांक नसतो. मुक्तस्रोत म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही नाही. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या फायली आक्रसणाऱ्या छोट्या साधनात कोणीतरी दोन-अडीच वर्षे विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. त्या साधनाचा भार प्रामुख्याने एकाच थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर होता. चोरदरवाजा व्यापक वापरात जाण्याआधी पकडला गेला तो एका अभियंत्याला संगणकाच्या वर्तनात अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला म्हणून. तो अभियंता मायक्रोसॉफ्टचा नोकर होता. आज्ञावली खुली असल्यामुळे त्याला मुळापर्यंत जाता आले, ही या प्रसंगाची जमेची बाजू. ती सांभाळणारी माणसे किती थोडी आहेत, हे दिसले, ही दुसरी.

घरगुती पातळीवर याचा अर्थ असा, की लिनक्सकडे जाण्याचा निर्णय यंत्राच्या क्षमतेइतकाच जवळपास मदत करणारे माणूस आहे की नाही यावर ठरतो. ब्रिटनमधील मराठी कुटुंबांना याची आणखी एक बाजू ओळखीची आहे. येथील जुना लॅपटॉप सुट्टीत जाताना बॅगेतून पुण्याला, नाशिकला, कोल्हापूरला आई-वडिलांकडे जातो. तोच आता विंडोज १०चा, आधार संपलेला लॅपटॉप आहे आणि त्यावर निवृत्तिवेतनाचे बँक खाते उघडले जाते. तेथे मिंट बसवून देणे हे सुरक्षेच्या दृष्टीने चांगले पाऊल ठरते. पण ‘प्रिंटर दिसत नाही’ म्हणून रात्री फोन आला तर तो घेणारे कोणी हवे. गल्लीतला संगणक-दुरुस्ती करणारा लिनक्स पाहून हात वर करण्याची शक्यता मोठी आहे. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनी लाखो लोकांना संगणकसाक्षर केले, पण त्या साक्षरतेचा पाया विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस हाच राहिला. केरळने मात्र शालेय संगणक शिक्षणात दोन दशके मुक्तस्रोत प्रणाली वापरली. भारत सरकारने २०१५मध्ये मुक्तस्रोताला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले, सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली घडवली. पण धोरण शाळेपर्यंत आणि दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोहोचल्याखेरीज घरातला लॅपटॉप बदलत नाही.

ही उणीव भरून काढणारी रचना ब्रिटनमध्ये आकार घेत आहे. २००९मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये सुरू झालेली ‘रिपेअर कॅफे’ची कल्पना या देशातील अनेक गावांत रुजली आहे, लंडनची ‘रीस्टार्ट प्रोजेक्ट’ ही संस्था शेजाऱ्यांनी एकत्र बसून विजेची उपकरणे दुरुस्त करण्याचे मेळावे भरवते. ‘एंड ऑफ टेन’ या मोहिमेने विंडोज १०च्या संगणकांवर लिनक्स बसवून देणाऱ्या स्थानिक गटांची सूची केली आहे. येथील मराठी मंडळांत माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील माणसांची वाण नाही. गणेशोत्सव आणि दिवाळीच्या मधला एखादा रविवार यासाठी ठेवला, चार जाणकार आणि डझनभर पेन ड्राइव्ह आणले, तर अनेक घरांचा प्रश्न त्या दिवशी सुटू शकतो. त्याच बैठकीत जुन्या फॉन्टांतील स्मरणिका युनिकोडमध्ये आणण्याचे कामही मार्गी लागेल.

प्रत्येकाने लिनक्सकडे वळावे, असा याचा अर्थ नाही. काहींसाठी मुदतवाढ पुरेशी आहे, काहींना नवा लॅपटॉप घेणेच सोयीचे आहे. पण हा निर्णय पडद्यावर झळकलेल्या सूचनेच्या धाकाने घेतला जाऊ नये. आपले काम कशावर चालते, कागदपत्रे कोणत्या स्वरूपात आहेत, मदतीला कोण आहे, हे तपासून तो घेता येतो. त्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत अवधी आहे. महिनाभराची सवय, तासाभराची पेन ड्राइव्हवरची चाचणी आणि कागदपत्रांची एक विश्वासार्ह प्रत एवढी तयारी त्या तारखेआधी झाली, तर कपाटातला लॅपटॉप निकालात काढायचा की नाही, हे त्याचा मालकच ठरवील.